मंगलताई, ती प्लेट मी फेकली

मंगलताई,

शनिवारी लॅबमध्ये तुमची शोकसभा झाली आणि मी तिथं खोटं बोलले. ठरवून नाही. सगळ्यांचं बोलून झाल्यावर विभागप्रमुख म्हणून शेवटी मला उभं राहावं लागलं, आणि तोंडातून निघालं, "ताईंसाठी आपल्या लॅबने काही करायचं बाकी ठेवलं नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. तुमचे वसंतराव पहिल्या रांगेत होते. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. समोर तुमचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो होता, ज्यात तुम्ही कॅमेऱ्याकडे बघतच नाही आहात, कुणीतरी अर्धवट उघडं टाकलेल्या, जंतू उगवायला ठेवायच्या इनक्युबेटरच्या दाराकडे बघताय आणि कपाळाला आठी आहे. तो फोटो बघून मला हसू आलं. मग दिवसभर अन्न गेलं नाही.

तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. एक गोष्ट तुम्हाला जिवंतपणी सांगायला हवी होती, ती मी सांगितली नाही. सांगायची वेळ आली तेव्हा तिच्या जागी दुसरीच सांगितली. तुम्ही विश्वास ठेवलात. तुमचा असा चटकन कुणावर विश्वास बसत नसे, म्हणून ते जास्त लागतं.

मी एम.डी. होऊन इथं आले तेव्हा मला वाटत होतं की मला हा विषय येतो. तुम्ही पहिल्याच दिवशी तो गैरसमज दूर केलात. मी बुरशी उगवलेली प्लेट उघडून नाकाजवळ नेली आणि तुम्ही वरून झाकण दाबलंत. "मॅडम, ती काय कोथिंबीर आहे का, ताजी आहे का बघायला? छातीत गेली म्हणजे कळेल." सगळ्यांसमोर बोललात. मला इतका राग आला होता की आठवडाभर मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही, कारण तुम्हीही कामापुरतंच बोलत होतात.

मग कधीतरी तुम्ही चारचौघांत 'मॅडम' आणि इनक्युबेटरपाशी 'अनघा' म्हणायला लागलात. रागावलात की मात्र वर्धा बाहेर यायची. तीस वर्षं पुण्यात काढली, कर्वेनगरात घर घेतलं, 'अहो' आणि 'आपण' सगळं शिकलात, पण कुणी गरम तारेचं कडं न थंड करता नमुन्यात बुडवलं की "काहून घाई करून राहिली गं?" हे यायचंच. पुस्तकात न लिहिलेलं निम्मं काम मी तुमच्याकडून शिकले. बुरशीच्या कापसासारख्या वाढीवर साधी पारदर्शक चिकटपट्टी हलकेच टेकवायची, निळ्या रंगाच्या थेंबावर ती पालथी घालायची आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. सुईने ओरबाडलं तर सगळं मोडतं, पट्टीवर जसंच्या तसं येतं. जगातल्या मोठमोठ्या लॅब असंच करतात हे मला नंतर कळलं. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "करू देत की, मी काही बोलले का त्यांना?"

इनक्युबेटरचा थर्मोस्टॅट बिघडला तेव्हा खरेदी विभागाने तीन सह्या आणि दोन महिने मागितले होते. तुम्ही जेवणाच्या सुट्टीत स्कूटीवर बुधवार पेठेत गेलात, कुठल्याशा बोळातल्या दुकानातून तो भाग आणलात आणि स्वतः बसवलात. येताना दगडूशेठचा प्रसादही आणला होता. "एवढ्यात गणपती करून घेतला," म्हणालात, जणू तेही कामाच्या यादीतच होतं.

पण मला सांगायचंय ते आपल्या भांडणाबद्दल.

बाकीचे जंतू एका दिवसात उगवतात. बुरशी आपल्या सवडीने येते. म्हणून तुमचा नियम होता, बुरशीसाठी लावलेली प्रत्येक प्लेट चार आठवडे ठेवायची. आणि उगवली की पहिल्यांदा उजेडासमोर धरून बघायची. थुंकीचा नमुना तारेच्या कड्याने प्लेटवर ओढला की रेघा पडतात. रेघेवर उगवलं ते पेशंटच्या छातीतलं असू शकतं. रेघेबाहेर उगवलं ते हवेतून पडलेलं, म्हणजे टाकून द्यायचं. तुम्ही एकेक प्लेट ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघत राहायचात. मला ते बघून वैताग यायचा. थुंकीतल्या बुरशीपैकी बहुतेक हवेतलीच असते, हे तुम्हालाही माहीत होतं.

कोविड ओसरल्यावर आपल्याकडे नमुने इतके वाढले की इनक्युबेटरमध्ये बोट शिरायला जागा उरली नाही. वरून रिपोर्ट उशिरा जातात म्हणून रोज विचारणा. मी परिपत्रक काढलं, थुंकीच्या प्लेटा एक आठवडा ठेवायच्या, डॉक्टरांनी मुद्दाम मागितलं तरच चार. तुम्ही ते वाचलंत, घडी घातलीत आणि म्हणालात, "बुरशीला तुमच्या परिपत्रकाची प्रत पाठवली का?" मीही कमी नव्हते. म्हटलं, "ताई, हे संग्रहालय नाही, लॅब आहे." तो शब्द तुम्हाला लागला. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं तुम्ही मला इनक्युबेटरपाशीसुद्धा 'मॅडम'च म्हणालात. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी तुमच्या पाया पडणं, पेढे, शाल, सगळं झालं, आणि जाताना तुम्ही मला सांगितलंत, "एक आठवडा कमी पडतो. बघा पुन्हा." मी म्हटलं, "बघते." बघितलं नाही.

निवृत्तीनंतरच्या पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नदी आली. पाणी उतरल्यावर गाळ राहिला. महापालिकेची माणसं येईपर्यंत थांबणं तुमच्या स्वभावात नव्हतं. चार दिवस तुम्ही खराट्याने तो गाळ काढत होतात, तो वाळून धूळ उडत होती, आणि तुम्हाला मधुमेह होता. मास्क लावला होता का, हे मी नंतर विचारलं तेव्हा म्हणालात, "तीस वर्षं लॅबमध्ये लावला. घरी पण लावू का?" तुमच्या छातीत बुरशी कुठून आली हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ही विशिष्ट बुरशी घाण पाण्यात आणि गाळात असते, एवढं पुस्तकात आहे. मला तेवढं पुरतं.

दिवाळीनंतर खोकला, बारीक ताप. एक्सरेमध्ये उजव्या बाजूला पोकळी दिसली. इथं आपण सगळ्यांनी मिळून ती चूक केली जी फक्त आपल्यासारखेच करतात. तुम्ही फोनवर म्हणालात, "आयुष्यभर टीबीच्या थुंकीत हात घातले, मला टीबी नाही होणार तर काय होणार?" टीबीच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. तुम्ही म्हणालात, येतात कधी कधी, मी हजारदा पाहिलंय. छातीच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. मीही म्हटलं, ताई, टीबीच असणार. बाहेरचा कुणी पेशंट असता तर आपण दोघींनी तिसऱ्यांदा विचार केला असता. तुमच्या बाबतीत उत्तर आधीच ठाऊक होतं, आणि आपल्याला त्यात जराशी ऐटसुद्धा वाटत होती, जशी फौजेतल्या माणसाला जखमेची असते.

डॉक्टरांनी रिवाज म्हणून बुरशीसाठीही थुंकी पाठवली. आपल्याच लॅबमध्ये. तुम्ही मला सांगितलं नाहीत, वशिला लावणं तुम्हाला कधी आवडलं नाही. आणि नमुन्यावर नाव नव्हतं, कारण नाव नको, नंबरच हवा, हा नियम तुम्हीच घालून दिला होता. "नाव दिसलं की हात थरथरतो," म्हणायचात. मग आठव्या दिवशी एका नंबराची प्लेट माझ्या हातात आली. करड्या पांढऱ्या कापसाचे दोन-तीन ठिपके होते. त्या दिवशी बघायच्या प्लेटांचा ढीग टेबलभर होता. मी झाकणातून वरून पाहिलं, 'दूषित' असं लिहिलं, आद्याक्षरं घातली आणि प्लेट कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली. अशा दूषित प्लेटांचा रिपोर्ट 'वाढ नाही' असा जातो आणि निगेटिव्ह रिपोर्टांवर माझी सही लागत नाही. संगणक आपला आपण पाठवतो. दोन दिवसांनी तुमचाच फोन, "बुरशीपण निगेटिव्ह आली बरं का." मी म्हटलं, "बघा, म्हटलं नव्हतं?"

मला ते वाक्य पुसता येत नाही, ताई. आवाजासकट ऐकू येतं. मी खूश होते.

सात आठवडे तुम्ही टीबीच्या गोळ्या घेत राहिलात. मग खोकल्यातून रक्त पडलं. भरती केलं, दुर्बिणीने फुप्फुसातलं पाणी काढून पाठवलं. ते मी स्वतः पाहिलं, कारण आता नाव माहीत होतं. स्लाइडवर बुरशीचे धागे होते, तुटके, ओळखू न येणारे. डॉक्टरांना कोविडनंतरची काळी बुरशी आठवली. मधुमेही बाई, फुप्फुसात धागे, थांबायला वेळ नाही. त्यांनी अँफोटेरिसिन सुरू केलं. कुणीही तेच केलं असतं. ते औषध शिरेतून जाताना तुम्ही थंडीने इतक्या कुडकुडायचात की वसंतराव पलंगाची कड धरून बसायचे. पाचव्या दिवशी मूत्रपिंडं कुरकुरायला लागली. सहाव्या दिवशी सगळ्या प्लेटांवर वाढ आली, करडी, उंदराच्या पाठीसारखी. मी चिकटपट्टी टेकवली, निळ्या थेंबावर ठेवली आणि बारीक देठांच्या टोकाला एकेक अंड्यासारखा दाणा दिसला. स्केडोस्पोरियम. आपण दोघींनी मिळून इतक्या वर्षांत दोनदाच पाहिलेली. जिच्यावर बहुतेक वेळा अँफोटेरिसिन चालत नाही ती. सहा दिवस आम्ही तुमची मूत्रपिंडं झिजवत होतो आणि ती आत मजेत वाढत होती.

मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. औषध बदललं. तो दिवस मी हिरो होते. वसंतरावांनी सगळ्यांना सांगितलं, अनघा मॅडमनी शोधून काढलं. मी परत येऊन तुमच्या नावावरचे जुने नमुने संगणकात उघडले, केवळ रीत म्हणून. तिथं तो नंबर होता. रजिस्टर काढलं. माझं अक्षर होतं.

व्होरिकोनाझोलच्या गोळ्या सुरू झाल्यावर तुम्हाला रंग चमकताना दिसायला लागले. "भिंतीवर कुणी लायटिंग लावलंय," म्हणालात, आणि हे औषधामुळे होतं हे तुम्हीच नर्सला समजावून सांगितलंत. मी रोज दुपारी यायचे. तुम्ही ऑक्सिजनच्या मास्कमधून मला लॅबचं विचारायचात आणि मला पुन्हा 'अनघा' म्हणायला लागला होतात. त्यासाठी मी किती वर्षं थांबले होते. आणि असं मिळालं.

त्या गुरुवारी वसंतराव खाली औषधं आणायला गेले होते. तुम्ही मास्क बाजूला केलात. तुम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तीस वर्षं त्या कामात गेलेली बाई, तुम्हाला 'वाढ नाही'चा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती.

"अनघा, पहिल्या वेळेस खरंच काही उगवलं नव्हतं, की फेकलं होतं?"

मी म्हटलं, "फेकलं होतं."

"कोणी?"

"मी."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं आता शिवी येईल, आणि मला ती हवी होती. तुम्ही डोळे न उघडताच विचारलंत, "रेघेवर होती का?"

मी म्हटलं, "नाही ताई. कडेला होती. रेघेबाहेर."

"मग ठीक आहे," म्हणालात. "मग मीपण फेकलीच असती." आणि माझ्या हातावर थोपटलंत. तुमच्या हातावर सुईच्या जागी निळं पडलं होतं. थोड्या वेळाने म्हणालात, "मनाला लावून घेऊ नको." आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझं काम तपासलंत आणि पास केलंत.

खरं असं आहे की मला माहीत नाही. मी ती उजेडासमोर धरलीच नाही. रेघेवर होती की बाहेर, हे बघायला चार सेकंद लागतात आणि ते मी दिले नाहीत. ती प्लेट त्याच दिवशी ऑटोक्लेव्हच्या वाफेत वितळली, आता ते कुणालाच कधी कळणार नाही. तुम्ही मला विचारलेल्या एकमेव प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी एक बनवून दिलं, आणि तुम्ही ते घेऊन गेलात. मरणाऱ्या माणसाला दिलासा दिला असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण दिलासा मला हवा होता. तुम्ही मरणाच्या दारात असून त्या दिवशीही मलाच सांभाळलंत.

त्यानंतर नऊ दिवस. दुसरं फुप्फुस, मग डायलिसिस, मग तुम्ही कुणाला ओळखेनाशा झालात. छातीचे डॉक्टर मला जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, अहो, ही बुरशी अशीच असते, लवकर सापडली तरी निम्मे वाचत नाहीत. मी मान हलवली. उरलेल्या निम्म्यांचं मी विचारलं नाही.

काल रविवारी मी तुमच्या घरी गेले. शनिवारचे जोडलेले हात मला सहन होत नव्हते. निदान एका माणसासमोर खरं बोलावं आणि त्याने काय म्हणायचं ते म्हणावं, असं मनाशी पक्कं करून तीन जिने चढले. वसंतरावांनी दार उघडलं, "या मॅडम, बसा" म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. साखर कुठल्या डब्यात आहे हे त्यांना अजून सापडत नाही. चहा घेऊन आले तेव्हा हातात एक पिशवी पण होती, तुमच्या उरलेल्या व्होरिकोनाझोलच्या गोळ्या. "दुसऱ्या कोणा पेशंटच्या कामी आल्या तर बघा. मंगलने टाकू दिल्या नसत्या." मी पिशवी मांडीवर घेऊन सगळं सांगितलं. पहिली प्लेट, नंबर, माझं अक्षर, तुम्ही काय विचारलंत आणि मी काय उत्तर दिलं. काही वगळलं नाही. 

मग त्यांनी विचारलं, "म्हणजे कितीक दिवस आधी कळलं असतं?"

"सात आठवडे."

"तेव्हा मूत्रपिंडं चांगली होती तिची."

"हो."

"मग वाचली असती?"

"माहीत नाही. कदाचित."

त्यांनी कप खाली ठेवला. चिडले नाहीत, ताई. चिडले असते तर मी तिथंच बसून राहिले असते, ऐकून घेतलं असतं, त्यासाठीच तर गेले होते. ते अगदी हळू बोलले. "मॅडम, आजपर्यंत जो येई त्याले मी सांगत होतो, इलाजच नव्हता. पोरीलेपण तेच सांगितलं, तेव्हा कुठं ती रडायची थांबली. मलेपण त्याच्यावर झोप लागत होती. काहून सांगितलं तुम्ही मले हे?"

 उत्तर होतं, पण ते त्यांच्या घरात उच्चारण्यासारखं नव्हतं. मी उठले. त्यांनी रीतीप्रमाणे दारापर्यंत सोडलं, मी चपला घालेपर्यंत थांबले. आणि विचारलं, "तुम्हाले बरं वाटून राहिलं का आता?" त्यात टोमणा नव्हता. आजारी माणसाला विचारावं तसं विचारलं.

मी 'नाही' म्हणून मान हलवली. पण वाटत होतं, ताई. जिना उतरून खाली पार्किंगमध्ये आले तेव्हा बावीस दिवसांत पहिल्यांदा माझा श्वास पोटापर्यंत गेला, आणि वर ते एकटे होते.